देठासह आंबा : एका युक्तीचे मोल

रत्नागिरी जिल्ह्यातील कातळउतारावर हापूसची जी जुनी, उंच झाडे उभी आहेत, त्यांवरील सर्व फळ हाताने काढणे शक्य नसते. त्यासाठी लांब बांबूच्या टोकास जाळी बांधून केलेला झेला पूर्वापार वापरात आहे. फळ जाळीत घेऊन हिसका दिला की ते देठापासून तुटते. काम झपाट्याने होते, परंतु तुटलेल्या जागेतून चीक उसळतो. हा चीक आम्लधर्मी असून त्यात तेलकट द्रव्ये असतात. तो ओघळेल तेथे साल पोळते व काळे डाग उमटतात. शिवाय देठाकडील उघड्या जखमेतून बुरशीचा शिरकाव होऊन फळ आढीतच कुजू लागते. मोहोरापासून जपलेल्या मालाची किंमत अशी काढणीच्या एका हिसक्यात उतरते.

देठ राखून फळ काढावे, ही कल्पना साधी आहे. बागेत राबणाऱ्या अनेकांच्या मनात ती येऊन गेली असेल. परंतु नुसत्या कल्पनेने पेटीला भाव येत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने झेल्याला धारदार पात्याची जोड देऊन ‘नूतन झेला’ तयार केला, तेव्हा तिला अवजाराचे रूप आले. देठ पात्यात धरून झेला ओढला असता फळ देठासह जाळीत पडते व चीक सालीवर येत नाही.

आपल्या गावात अशी सुधारणा किती लाभाची आहे, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवावे. एकाच झाडावरील चौदा आणे तयार झालेली २०० फळे सकाळच्या थंड वेळी काढावीत. १०० जुन्या झेल्याने, १०० नव्याने. दोन्ही ढीग भाताच्या पेंढ्यात वेगवेगळे अढीला घालावेत आणि पिकल्यावर डागी व कुजकी फळे मोजावीत. समजा, जुन्या झेल्याची १५ व नव्याची ५ फळे वाया गेली, तर शेकडा १० फळांचे पैसे वाचले. त्यातून पाते बसविण्याचा व वाढीव मजुरीचा खर्च वजा जाता जे उरेल, तेवढेच त्या युक्तीचे खरे मोल होय.

मजुरीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. देठ पात्यात नेमका धरण्यास वेळ लागतो. गड्याला शेकड्यावर मजुरी मिळत असेल, तर तो दुसऱ्या दिवशी जुना झेलाच उचलील, आणि त्यात त्याचा दोष नाही. बागायतदाराने काढणीचा दर वाढवून द्यावा. अनेक चांगली अवजारे माळ्यावर गंजतात, ती अवजार वाईट म्हणून नव्हे, तर हा हिशेब कोणी केला नाही म्हणून.

मोल निर्माण झाले तरी ते मूळ कल्पकाच्या पदरी पडतेच असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या भातखाचरातील काही वेगळ्या लोंब्या हेरल्या व वर्षानुवर्षे निवड करून बारीक दाण्याचा ‘एच.एम.टी.’ वाण सिद्ध केला. वाण दूरवर पसरला. व्यापाऱ्यांनी व इतर शेतकऱ्यांनी त्यावर पैसा मिळविला. दादाजींना सन्मान मिळाले, परंतु २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांची ओढगस्त संपली नाही.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यास स्वतःचा वाण नोंदविता येतो व त्यासाठी त्यास शुल्क पडत नाही. अवजाराची गोष्ट निराळी. त्याचे पेटंट हवे असल्यास अर्जापूर्वी ते प्रदर्शनात मांडू नये, कारण एकदा जगजाहीर झालेली वस्तू नवी ठरणे अवघड होते. शेतकऱ्याने काही नवे केल्याचे आढळल्यास ग्रामसेवकांनी त्याचे नाव, तारीख व रेखाचित्र वहीत नोंदवावे, त्याची सही घ्यावी, आणि त्याच्या संमतीनेच माहिती कृषी विज्ञान केंद्राकडे अथवा २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडे पाठवावी.

झेल्याची पाती मात्र फेब्रुवारीअखेर लोहाराकडून धार लावून घ्यावीत. बोथट पात्याने देठ कापला न जाता पिरगळतो व फळ पुन्हा चिकाने भरते.