कुत्र्याच्या पिलास लस केव्हा व कशी टोचावी

इंदापूर तालुक्यातील डाळज हे गाव पुणे-सोलापूर महामार्गालगत, उजनी जलाशयाच्या परिसरात वसलेले आहे. बागायतीमुळे या भागातील पुष्कळ कुटुंबे मळ्यातील वस्तीवर राहतात. वस्तीला राखणीसाठी कुत्रे हवेच. म्हणून कोणाकडून तरी एखादे पिलू पिशवीत घालून घरी आणले जाते. आल्या दिवसापासून ते मुलांच्या मांडीवर खेळते, त्यांचे हात चाटते व दुधाच्या दातांनी ओरखडतेही. गाय किंवा शेळी घेताना शेतकरी तिची नीट पारख करतो. पिलाची लस मात्र ‘मोठे झाले म्हणजे पाहू’ असे म्हणून लांबणीवर टाकली जाते. ही दिरंगाई पिलाच्या, आणि प्रसंगी मुलांच्याही, जिवावर बेतते.

धोका कशाचा?

लहान पिले मुख्यतः पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांनी दगावतात. पार्व्होत रक्तमिश्रित हगवण व उलट्या होऊन पिलू थोड्याच दिवसांत मरते. डिस्टेंपरमध्ये ताप येतो, नाकाडोळ्यांतून घाण वाहते व पुढे झटके येऊ लागतात. तिसरा रोग म्हणजे रेबीज, अर्थात पिसाळणे. त्याचे विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतात व चाव्यावाटे शरीरात शिरतात. पिलू लहान म्हणून पिसाळत नाही, हा समज चुकीचा आहे.

ऊसतोडीच्या टोळ्या व मेंढपाळांचे वाडे यांबरोबर परगावची कुत्री येतात आणि वस्तीवरच्या कुत्र्यांत मिसळतात. याच तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ माळावर लांडगे व खोकडही आहेत. कुत्र्यांचे हे रोग त्यांनाही होतात. म्हणून वस्तीवरच्या पिलाची लस ही केवळ एका घराची बाब नव्हे.

एकच टोचणी का पुरत नाही?

आईच्या पहिल्या दुधातून पिलास काही काळ पुरेल इतकी प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत टोचलेली लस नीट लागू पडत नाही, आणि ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिलागणिक निराळे असते. म्हणून लस ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. लसींचा साधारण क्रम असा आहे:

1. वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास जंताचे औषध.
2. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पार्व्हो व डिस्टेंपरची एकत्रित लस. पुढे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा.
3. तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस. त्यानंतर पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा व पुढे दरवर्षी.

पिलाचे वय ठाऊक नसल्यास पशुवैद्य दातांवरून अंदाज करतात. पिलू आजारी असल्यास तसे आधी सांगावे. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. ती विकत घेऊन उन्हातून खिशात घालून आणल्यास निरुपयोगी होते. यास्तव पिलासच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. टोचल्यानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. एक-दोन दिवस मरगळ राहिली किंवा टोचल्या जागी थोडी सूज आली तरी घाबरू नये. सर्व टोचण्या पूर्ण होईपर्यंत पिलू वस्तीवरच ठेवावे. भटक्या कुत्र्यांत सोडू नये. लसीचे कार्ड सातबारा उताऱ्याबरोबर जपून ठेवावे.

चावा घेतल्यास

पिलास लस टोचली आहे म्हणून त्याचा चावा किंवा रक्त आलेला ओरखडा दुर्लक्षून चालणार नाही. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, मिरची किंवा तेल लावू नये. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कुत्र्यास मारून न टाकता दहा दिवस बांधून त्यावर नजर ठेवावी. मात्र त्यासाठी उपचार थांबवू नयेत. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत आता बंद झाली आहे. आजची लस दंडावर देतात. 1885 साली लुई पाश्चर यांच्या लसीने नऊ वर्षांचा एक मुलगा वाचला, तो चाव्यानंतर लवकर उपचार झाल्यामुळेच. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी क्वचितच वाचतो.

कार्यकर्त्यांचे काम

गावातील दर दहा कुत्र्यांपैकी किमान सातांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. याकरिता कार्यकर्त्यांनी वस्तीवार वही ठेवून कुत्री व्याल्याची तारीख, पिले कोणाकडे गेली व टोचणी केव्हा झाली यांची नोंद करावी आणि पशुवैद्यांशी ठरवून एका दिवशी सर्व पिले एकत्र आणावीत. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्यास सोयीचा आहे. परंतु त्याआधी तीन महिन्यांच्या झालेल्या पिलास त्या दिवसापर्यंत थांबवू नये. पिलू घरी आणताना त्याच्या गळ्यातील दोरीचा विचार होतो, तसाच पहिल्या लसीच्या तारखेचाही त्याच दिवशी व्हावा.