अँटिबायोटिकने आई बरळते का?

प्रश्न : आईला (वय ७२) लघवीच्या संसर्गासाठी लिव्होफ्लॉक्सासिन सुरू केलं. तिसऱ्या दिवसापासून ती रात्रभर जागी असते, बरळते, घाबरते. हे वेड तर नाही ना?
– एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : हे वेड नव्हे, पण दुर्लक्षही नको. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनी भ्रम, अस्वस्थता, निद्रानाश होऊ शकतो; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये हा इशारा अधिक ठळक केला. उतारवय आणि कमजोर किडनीमुळे धोका वाढतो. खुद्द संसर्गामुळेही माणूस बरळतो. शिवाय या औषधाने रक्तातली साखर घसरू शकते. म्हणून आजच साखर तपासा आणि डॉक्टरांना दाखवा; पुढची गोळी त्यांना विचारूनच द्या. ते भेटले नाहीत, तर थेट हिरे शासकीय रुग्णालय गाठा. औषध बदलल्यावर बहुतेक जण सावरतात. तोवर आईला एकटं सोडू नका.