पुलापलीकडचा कायदा

२०१४ साली भाऊबीज शनिवारी आली होती. सकाळी ॲलनटाउनजवळच्या रेंजवर तासभर नेमबाजी केली आणि घरी न जाता तिथूनच ताईकडे, न्यू जर्सीत एडिसनला निघालो. बॅग घरी ठेवून यायची तर अर्धा तास मोडला असता. तो अर्धा तास वाचवला आणि पुढचं दीड वर्ष फेडत बसलो.

डिकी फराळाचे डबे, कंदील आणि ताईसाठी घेतलेल्या मोठ्या खोक्याने भरली होती, म्हणून रेंजची बॅग मागच्या सीटवर टाकली. बॅगेत नऊ एमएमचं पिस्तूल. ते रिकामं होतं, पण ज्या कव्हरमध्ये होतं त्याला कुलूप नव्हतं, नुसती चेन. बाजूच्या कप्प्यात गोळ्या भरलेलं मॅगझिन राहिलं होतं. बॅगेवर चकल्यांचा डबा, कारण डिकीत चकल्या चुरल्या असत्या.

डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला आणि दहा मिनिटांत मागे निळे-लाल दिवे लागले. इंडिकेटर न देता लेन बदलली होती. पोलिसाने लायसन्स पाहिलं आणि विचारलं, गाडीत शस्त्र आहे का? मी खरं ते सांगितलं. त्याने न्यू जर्सीचा परवाना मागितला. मी म्हणालो, मी पेनसिल्व्हेनियात राहतो, तिथे स्वतःचं पिस्तूल बाळगायला असा परवाना लागत नाही. तिथे घरात ठेवण्यापुरतं ते खरंही होतं. पण मी तिथे नव्हतो, आणि घरातही नव्हतो.

ताई ताम्हन तयार करून बसली होती तेव्हा मी कोठडीत होतो. दाजींनी धावपळ करून जामीन मिळवला आणि रविवारी रात्री मी तिच्या दारात पोचलो. तिने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, तुकडा ओवाळून टाकला आणि मग आत घेऊन पाटावर बसवलं. ताम्हनात सुपारी कालचीच होती. ओवाळताना तिच्या हातातलं निरांजन इतकं हलत होतं की दाजींनी खालून हात धरला.

मला हे कळायला हवं होतं, असं आजही वाटतं. साताऱ्याला आमच्या आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती. परवान्यावर तो कुठवर चालेल ते क्षेत्र लिहिलेलं असायचं, आणि निवडणूक आली की आजोबा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे. शस्त्र आपलं असलं तरी ते कुठे न्यायचं हे आपण ठरवत नाही, हे मी लहानपणी पाहिलं होतं. अमेरिकेत आलो आणि ड्रायव्हिंग लायसन्स पन्नास राज्यांत चालतं हे पाहून बाकीचंही तसंच असणार असं धरून चाललो.

तसं नाही. व्हरमाँटमध्ये पिस्तूल जवळ बाळगायला परवाना कधीच लागला नाही. शेजारच्याच न्यूयॉर्कमध्ये ते घरात ठेवायलासुद्धा परवाना लागतो, आणि त्या राज्यातल्या इतर गावांचा परवाना न्यूयॉर्क शहरात आपोआप चालत नाही. आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. न्यू जर्सी मात्र दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्याचा निकाल दिल्यावर तिथे परवाना मिळणं थोडं सोपं झालं, पण तो त्यांचाच घ्यावा लागतो. परवान्याविना पिस्तूल सापडलं तर तो तिथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं, आणि ग्रेव्ह्ज ॲक्टमुळे त्यातली किमान साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय काढावी लागतात. हेतू वाईट होता की नव्हता, हा प्रश्न फार पुढे येतो.

माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत एका स्त्रीची हकिगत सांगितली. फिलाडेल्फियाची, दोन मुलांची आई. पेनसिल्व्हेनियाचा परवाना तिच्याकडे होता. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत तिची गाडी थांबवली, तिने आपणहून पिस्तुलाबद्दल सांगितलं आणि तिला अटक झाली. प्रकरण गाजलं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सरकारी वकिलांना सूचना दिल्या, की परराज्यातून चुकून आलेल्या अशा माणसांना तुरुंगाऐवजी खटल्याआधीच्या देखरेखीचा मार्ग द्यायचा विचार करावा. पुढच्या एप्रिलमध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. माझी अटक त्या सूचनांनंतर महिनाभरात झाली. मी तुरुंगात गेलो नाही तो त्या बाईमुळे. तिला मी कधी भेटलेलो नाही, पण भाऊबीजेला तिची आठवण येते.

आता ज्यांना पिस्तूल घेऊन राज्यं ओलांडायचीच आहेत, त्यांच्यासाठी. १९८६ चा एक केंद्रीय कायदा प्रवाशाला संरक्षण देतो आणि रेंजवरचे लोक त्याच्या भरवशावर असतात. पण त्याच्या अटी नीट वाचा. जिथून निघालात तिथे ते शस्त्र जवळ बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर हवं आणि जिथे पोचणार तिथेही. मधलं राज्य कडक असलं तर हा कायदा उपयोगी पडतो, मुक्कामाचं ठिकाणच कडक असेल तर नाही. मी एडिसनलाच निघालो होतो, म्हणजे हे संरक्षण मला पहिल्या पावलापासून नव्हतं. शिवाय पिस्तूल रिकामं हवं, आणि ते व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नयेत. डिकी वेगळी असेल तर डिकीत. एसयूव्हीसारखी गाडी असेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा ही कायद्याने पेटी धरत नाहीत. मागच्या सीटवरची चेनची बॅग कशातच बसत नाही. वकीलबाई म्हणाल्या, घरच्या राज्यातही मला सूट होती ती परवान्याशिवाय रिकामं पिस्तूल रेंजवर न्यायची आणि परत आणायची, पाहुणा म्हणून फिरायला न्यायची नव्हे.

रात्रीचा मुक्काम हा सगळ्यात मोठा धोका. २००५ साली युटाचा एक गृहस्थ विमानाने नेवार्कमार्गे आमच्याच ॲलनटाउनला यायला निघाला होता. पिस्तूल रीतसर जाहीर करून, कुलूपबंद पेटीत घालून सामानात दिलेलं. पुढचं विमान चुकलं, सामान त्याच्या हाती आलं आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने पिस्तूल पुन्हा प्रामाणिकपणे जाहीर केलं आणि तिथेच त्याला अटक झाली. आरोप नंतर मागे घेतले गेले, पण नुकसानभरपाईचा दावा २०१० मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. कारण असं, की रात्रभर पेटी त्याच्या हाताशी होती. म्हणून अशा राज्यात विमान चुकलं तर ती बॅग हातात घेऊच नका. विमान कंपनीला ती ठेवून घ्यायला सांगा.

आपल्या मुलांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. एच-वन-बी, विद्यार्थी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा गोळी हातात घेणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. मित्राचं पिस्तूल, रेंजवरचं भाड्याचं पिस्तूल, सगळं यात आलं. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते, पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. माझं ग्रीन कार्ड होतं आणि माझी झोप त्यानेच उडवली होती. शिक्षा झाली नाही तरी, गुन्हा कबूल करून पुढे प्रकरण मिटलं तर इमिग्रेशनच्या लेखी ती दोषसिद्धीच ठरू शकते. म्हणून फौजदारी वकील कितीही चांगला असो, कबुलीच्या कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला तो कागद दाखवाच. या परिणामांची कल्पना आरोपीला देणं हे वकिलाचं कर्तव्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. माझ्या बाबतीत कबुली न देता देखरेखीचा काळ पार पडला आणि आरोप रद्द झाले. पिस्तूल परत मिळालं नाही, मी मागितलंही नाही.

गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर ठेवा. खोटं बोलू नका, पण लांबण लावून खुलासेही करू नका. झडतीला संमती विचारली तर सभ्यपणे नाही म्हणता येतं, आणि वकील हवा एवढं सांगून गप्प राहता येतं. मी घाबरून बोलत सुटलो, आणि मी बोललो तेवढं सगळं त्यांच्या कागदात उतरलं.

रेंजची बॅग दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. तिच्या अस्तरात एखादं काडतूस राहतं आणि तीच बॅग घेऊन माणूस मुंबईच्या विमानात बसायला निघतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तिथे एका काडतुसालाही परवाना लागतो.

मागच्या वर्षी ताईचा पुतण्या एच-वन-बीवर आला. दिवाळीत म्हणाला, "मामा, शनिवारी मित्र रेंजवर नेतायत, जाऊ ना?" मी त्याला शेजारी बसवलं, पासपोर्ट आणायला सांगितलं आणि व्हिसाच्या पानावर बोट ठेवून सगळं सांगितलं. त्याने तिथेच मित्राला फोन लावला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. फोन संपल्यावर तिने त्याच्यापुढे चकल्यांची ताटली ठेवली.