भंडारा आणि आभाळ एकाच राखाडीत का मिसळतात?

प्रश्न : सोमवती अमावस्येला जेजुरीच्या पालखीचे फोटो काढले. रंगीत फोटोत निळ्या आभाळावर उधळलेला भंडारा झळाळून दिसतो. पण कॉम्प्युटरवर तोच फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, तर भंडारा आभाळात विरून गेला. सगळंच राखाडी आणि मलूल! जुन्या कृष्णधवल फोटोंतला जोर आपल्या फोटोंत कसा आणायचा? आणि कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट मोड लावून फोटो काढणं बरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या फोटोत भंडारा आणि आभाळ यांना वेगळं ठेवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे रंग. तो काढून टाकल्यावर फरक दाखवायला उजेड-अंधार तेवढा उरतो. हा फरक किती राहील, हे तुम्ही फोटो कोणत्या पद्धतीने कृष्णधवल केलात त्यावर ठरतं.

डिजिटल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे असतात, 0 ते 255 या दरम्यानचे. कृष्णधवल फोटोला एकच आकडा लागतो. तिनाचा एक कसा करायचा, सगळी मेख इथेच आहे.

फोटोशॉपमधली ‘डिसॅच्युरेट’ आज्ञा तिन्हींपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेते, त्यांची सरासरी काढते आणि मधल्या आकड्याकडे बघतही नाही. समजा, भंडाऱ्याच्या एका ठिपक्यात लाल 225, हिरवा 170 आणि निळा 30 आहे, तर आभाळाच्या ठिपक्यात लाल 70, हिरवा 125 आणि निळा 185. पहिल्यात 225 आणि 30 यांची बेरीज 255 होते, दुसऱ्यात 185 आणि 70 यांचीही 255च. दोन्हींची सरासरी 127.5, म्हणजे दोन्ही ठिपके हुबेहूब एकाच राखाडी छटेचे होणार. तुमचा भंडारा बहुधा असाच हरवला असावा.

माणसाचा डोळा मात्र असा हिशोब करत नाही. त्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, लाल त्याहून कमी आणि निळा सर्वांत मंद. हे लक्षात घेऊन बनवलेलं, टीव्हीच्या तंत्रात रुळलेलं एक सूत्र लालाचे 29.9 टक्के, हिरव्याचे 58.7 टक्के आणि निळ्याचे 11.4 टक्के घेतं. त्याने वरचे दोन ठिपके पुन्हा मोजले, तर भंडारा येतो सुमारे 170 आणि आभाळ सुमारे 115. भंडारा लगेच सुटून दिसू लागतो. जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘डिसॅच्युरेट’ निवडलं की ‘लायटनेस’, ‘लुमा’ असे पर्याय समोर येतात. तुमच्याच फोटोवर ते एकामागून एक लावून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल.

पण जुन्या फोटोंतला जोर फक्त सूत्रातून आलेला नाही. तिथे छायाचित्रकाराची निवड होती. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा फार तीव्र उमटे. त्यामुळे कुंकू काळं यायचं, आभाळ कोरं पांढरं. पुढे सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि भिंगापुढे रंगीत काच लावून कोणता रंग किती गडद उमटवायचा, हे ठरवता येऊ लागलं. पिवळी काच निळा प्रकाश थोडा अडवते, लाल काच पुष्कळ. 1927 साली अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये ॲन्सेल ॲडम्स यांनी हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळ्या काचेतून घेतला. त्यात कड्याची भव्यता पुरेशी येणार नाही, असं वाटून त्यांनी उरलेल्या शेवटच्या प्लेटवर गडद लाल काच लावून तो पुन्हा टिपला. आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून उसळून आला.

ही निवड आता फोटो काढल्यानंतरही करता येते. फोटोशॉपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाची ॲडजस्टमेंट लेयर घ्या. मूळ फोटो तिच्याखाली जसाच्या तसा राहतो. तिथे लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा आणि किरमिजी असे सहा स्लायडर मिळतात. लाइटरूममध्ये आठ असतात आणि त्यांत नारिंगी वेगळा असतो. निळा आणि आकाशी खाली ओढा, आभाळ गडद होईल. पिवळा थोडा वर न्या, भंडारा उजळेल. पांढरं धोतर किंवा काळा दगड फारसा हलणार नाही, कारण त्यांत रंग जवळपास नसतोच. उघड्यावरच्या सावल्यांत मात्र आभाळाची निळसर झाक असते, म्हणून निळा खाली ओढला की त्याही दाट होतात आणि उठाव वाढतो.

स्लायडर टोकापर्यंत मात्र ओढू नका. निळ्या चॅनेलमध्ये सहसा दाणेदारपणा जास्त असतो. तो आभाळात उघडा पडतो आणि कळसाच्या कडेने पांढरट रेघ उमटते. जेपीईजी फाइल असेल तर हे लवकर होतं.

माणसांच्या कातडीकडे तर सर्वांत जास्त लक्ष द्या. तिचा रंग लाल, नारिंगी आणि पिवळा यांतच येतो आणि जेजुरीत तर चेहऱ्यावरही भंडारा असतो. पिवळा आणि नारिंगी बेफाम वाढवले की उन्हात रापलेला, सावळा चेहरा गोरापान होऊन बसतो. फोटो चमकतो, पण तो माणूस तसा नसतो. म्हणून नारिंगी हलवताना नजर चेहऱ्यावर ठेवा, भंडाऱ्यावर नको. उधळणीला आणखी उजाळा हवा असेल, तर मास्क लावून तेवढाच भाग उजळा.

आता कॅमेऱ्यातल्या मोडबद्दल. त्या मोडमध्ये जेपीईजी काढली तर रंगांची माहिती कायमची जाते आणि मग पिवळा-निळा वेगळा करायला हाताशी काही उरत नाही. कॅमेऱ्यात रॉ फाइलची सोय असेल तर रॉ निवडा आणि ब्लॅक अँड व्हाइट मोडही लावा. पडद्यावर दृश्य कृष्णधवल दिसतं, नजर छटा वाचायला शिकते आणि फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. रॉ नसेल तर रंगीतच काढा. मोबाइलवर काम करत असाल, तर स्नॅपसीडच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये लाल, पिवळ्या, हिरव्या काचेसारखे पर्याय आहेत, ते वापरून बघा.

फोटो निवडतानाही एक विचार करा. ज्यात पिवळ्याचा सागर हाच विषय आहे, तो रंगीतच राहू द्या. रंग काढल्यावर त्याचं म्हणणंच संपेल. पण पालखीला खांदा देणाऱ्याच्या मानेवरच्या शिरा, म्हाताऱ्या हातांच्या सुरकुत्या, दगडी पायऱ्यांची झीज, गर्दीच्या वर उठलेल्या मुठी, या गोष्टी उजेड-अंधारातच जास्त बोलतात. असे मोजके फोटो घ्या, प्रत्येकावर सावकाश बसा आणि प्रत्येक स्लायडर हलवताना या फोटोत आपल्याला काय उजेडात आणायचं आहे, ते आधी ठरवा.