निर्धूर चुलीचा दोष कसा ओळखावा

जालना जिल्ह्यात तुरीच्या काढणीनंतर उरणाऱ्या तुराट्या सरपणास उपयोगी पडतात. निर्धूर चुलीतून घरात धूर येऊ लागल्यास चूल मोडू नये. दोष क्रमाने शोधावा.

प्रथम तुराटी मोडून पाहावी. ती कडकन न मोडता वाकली, तर ओली समजून उन्हात वाळवावी. नंतर चुलीतील राख काढावी. साचलेली राख हवेची वाट अडवते. वैलावर भांडे नसल्यास त्याचे तोंड झाकावे, अन्यथा धुराड्याची ओढ कमी होते. अखेरीस चुलीत विस्तव असताना पेटती काडी तिच्या तोंडाशी धरावी. ज्योत आत न वळल्यास धुराडे काजळीने तुंबले असे समजावे व चूल थंड झाल्यावर ते साफ करावे.

धूर गृहिणीच्या व मुलांच्या डोळ्यांस आणि फुप्फुसांस अपाय करतो. म्हणून दुरुस्तीस विलंब करू नये.