नाकाला न कळणारे प्रदूषण

मुलुंड पूर्वेच्या हरिओम नगर परिसरातील रहिवाशांना प्रदूषण म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९६७ पासून मुंबईचा कचरा तेथील कचराभूमीवर पडत होता. १ ऑक्टोबर २०१८ पासून तेथे नवा कचरा टाकणे बंद झाले. मधल्या पन्नास वर्षांत वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि पाहुणे येणार असले की उदबत्ती लावायची, हा अनेक घरांचा परिपाठच होता. बोरिवलीकरांनी गोराईच्या कचराभूमीचा असाच अनुभव २००७ पर्यंत घेतला. आता कांजूरमार्गच्या प्रकल्पाबद्दल भांडुप, विक्रोळीच्या लोकांची तक्रार असते.

कुजणाऱ्या कचऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया यांसारखे वायू निघतात. त्यांच्या वासाने मळमळते, डोके दुखते, झोप लागत नाही, दमेकऱ्याचा दमा बळावतो. हा त्रास खराच आहे. परंतु त्यामुळे आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे, ती अशी की वास आला म्हणजे प्रदूषण आणि वास गेला म्हणजे हवा शुद्ध. ही समजूत प्रकृतीला महागात पडते. सर्वांत घातक घटकांना बहुधा वास नसतो, रंग नसतो आणि चवही नसते. नाकाचा भरवसा तर आणखी कमी, कारण तोच वास सतत येत राहिला की नाक त्याची नोंद घेणेच सोडून देते. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार वाढले तर घ्राणशक्ती बधिर होते आणि धोका शिगेला पोचलेला असताना वास ‘गेल्यासारखा’ वाटतो. गटारात किंवा मलटाकीत उतरणारे कामगार गुदमरून मरण पावतात त्यामागे हे एक कारण असते.

हवा, पाणी, जमीन यांत प्रकृतीला अपाय होईल इतका नको तो घटक मिसळणे म्हणजे प्रदूषण, आणि त्यात आवाजाचीही भर घालावी लागते. शाळेच्या पुस्तकात हे चार प्रकार मुलांनी पाठ केलेले असतात. आपण हवेकडे अधिक लक्ष देऊ, कारण पाणी उकळता येते, हवा उकळता येत नाही.

उपनगरांतील हवा बिघडविणारी कारणे डोळ्यांसमोर आहेत. पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्गांवरील वाहने, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभ्या रिक्षा आणि ट्रक, गल्लोगल्ली चाललेली जुन्या इमारतींची पुनर्बांधणी, काँक्रीटचे मिश्रण करणारे कारखाने, लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या आणि झाडलोट केल्यावर कोपऱ्यात पेटवून दिलेला पालापाचोळा. यांतून जी धूळ आणि धूर निघतो त्याचे कण सारखे नसतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकातील केसांत आणि शेंबडात अडकतात. संध्याकाळी रुमाल काळा होतो तो यांच्यामुळे, म्हणजे काळा रुमाल हे शरीराने आपले काम केल्याचे लक्षण आहे. अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण मात्र रुमालावर उमटत नाहीत. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दमा, जुना खोकला, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कमी वजनाची बाळे या सर्वांशी या कणांचा संबंध सिद्ध झाला आहे. बाहेरील हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केले. या बारीक कणांची आपल्याकडील वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती केवळ ५ असावी असे म्हटले. म्हणून सरकारी फलकावर ‘समाधानकारक’ असे लिहिलेले असले तरी लहान बाळ व वृद्ध यांच्याबाबतीत सावधच राहिलेले बरे.

मुंबईत या विषयाचा अभ्यास नवा नाही. के. ई. एम. रुग्णालयाचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग अशा ठिकाणच्या चार हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली होती. जेथे हवेत सल्फर डायऑक्साइड अधिक तेथे खोकला आणि धाप लागणे अधिक, असे त्यांना आढळले. त्या वेळी गिरण्यांची धुराडी हा मोठा शत्रू होता. गिरण्या गेल्या, इंधनातील गंधक पुष्कळ कमी झाले, आणि तरीही खोकला उरला, कारण त्याची जागा बारीक कणांनी घेतली.

पहाटेची हवा शुद्ध असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुंबईच्या हिवाळ्यात ते खरे नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची थंड हवा खालीच राहते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. वारा पडलेला असतो. रात्रभराचा धूर या झाकणाखाली साठतो. सकाळची वाहने सुरू झाली की त्यात भर पडते. दुपारी ऊन तापले आणि समुद्रावरून वारा आला की हवा बरीच निवळते. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर असेच झाकण पाच दिवस बसले होते आणि त्यात हजारो माणसे दगावली. आपली स्थिती तशी नाही, पण तत्त्व एकच. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी हिवाळ्यात फिरायला जाण्याची वेळ उन्हे वर येईपर्यंत पुढे ढकलावी आणि महामार्गाच्या कडेने न चालता आतल्या रस्त्याने किंवा बागेत चालावे. कापडी रुमालाने बारीक कण अडत नाहीत. एन-९५ प्रकारचा मास्क नाकाला घट्ट बसला तर अडवतो.

आता घरात येऊ. मुलुंडच्या त्या उदबत्तीने वास झाकला, पण खोलीतील बारीक कण वाढविले. डासांसाठी जाळली जाणारी कॉइल याहून वाईट. दारे-खिडक्या लावून रात्रभर एक कॉइल जाळली तर तिच्यातून निघणारे बारीक कण सुमारे शंभर सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असे संशोधकांनी मोजले आहे. घरात कोणी विडी ओढत नाही म्हणून निश्चिंत असलेल्या आईच्या बाळाला ही सिगारेट रोज मिळत असते! मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी हा जुना उपाय उत्तम. फटाक्यांचेही असेच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाऊंडेशनने २०१६ साली नेहमीच्या सहा फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सर्वांत जास्त बारीक कण निघाले ते नागगोळीतून. आवाज नाही, म्हणून ती आपण अगदी लहान मुलांच्या हाती देतो.

घरातील सर्वांत घातक वायू मात्र कार्बन मोनॉक्साइड. इंधन अर्धवट जळाले की तो तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरते. न्हाणीघरात बसविलेला गॅस गीझर हे याचे उपनगरांतील फ्लॅटमधले नेहमीचे ठिकाण. खोली लहान, खिडकी बंद, आंघोळ लांबलेली. डोके जड होते, चक्कर येते, पाय लटपटतात आणि कडी उघडण्याआधीच माणूस कोसळतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. ते शक्यच नसेल तर बादली भरून गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीस बसावे. आत कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार-खिडकी उघडून गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्यावर आणावे आणि थेट रुग्णालयात न्यावे. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये, त्याला प्राणवायू लागतो.

पाण्याच्या बाबतीत आपण डोळ्यांवर विसंबतो. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी चांगलेच असते, ते बिघडते वाटेत. नळाला पाणी ठरावीक तासच येते. उरलेल्या वेळी जलवाहिनी रिकामी असते आणि तिला गळती असेल तर शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. काही जण जलवाहिनीलाच पंप लावतात, त्या ओढीने ही घाण अधिकच आत येते, आणि भोगतात सगळे शेजारी. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो हे त्याचे परिणाम. तुरटी फिरविली की पाणी नितळ दिसते, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. खळखळून उकळी आणावी किंवा क्लोरिनच्या गोळ्या वापराव्यात. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, हे सोसायटीच्या पुढच्या बैठकीत जरूर विचारा.

शिसे हे जमिनीतील न दिसणारे विष. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई-दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासले, तेव्हा मोठ्या संख्येने मुलांत शिसे आढळले. २००० सालापासून देशभर पेट्रोल शिसेविरहित झाले. तरीही जुन्या तैलरंगाचे पोपडे आणि भंगारातल्या बॅटऱ्या यांपासून रांगत्या मुलांना दूर ठेवावे, कारण शिशाने बुद्धीची वाढ खुंटते.

घाटकोपरवरून विमाने उतरतात, अंधेरीला भोंगे थांबत नाहीत, आणि तेथील माणसे सांगतात, ‘आम्हाला सवय झाली आहे.’ सवय मनाला होते. झोपेत आवाज आला की नाडी आणि रक्तदाब वाढतच असतात. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने झोपण्याची खोली रस्त्याकडची नसेल असे पाहावे.

बांधकामाच्या धुळीबद्दल निमूटपणे बसण्याचे कारण नाही. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यासाठी नियमावली काढली आहे. उंच पत्र्याचे कुंपण, इमारतीला आच्छादन, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे हे सर्व त्यात आहे. तक्रार विभाग कार्यालयात करावी. अंधेरीला के, बोरिवलीला आर-मध्य, मुलुंडला टी आणि घाटकोपरला एन विभाग. लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

खोकला येणारे बरेच रुग्ण अलीकडे स्वतःच निदान करून येतात, ‘हवेमुळे आहे.’ असेलही. परंतु मुंबईत क्षयरोग भरपूर आहे आणि त्याचाही प्रारंभ साध्या खोकल्यानेच होतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले तर हवेला दोष देत थांबू नये. थुंकीची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यांतून विनामूल्य होते.