उपवास आणि आरोग्य

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. परंतु तिच्यात आरोग्याचा बोध आहे. साबुदाण्यात बहुतांशी पिष्टच असते. प्रथिने व चोथा अत्यल्प. त्यात तूप व बटाटा पडला, की लंघनाचे जड भोजन होते. त्याऐवजी राजगिरा, ताक व फळे बेताने घ्यावीत, असे आम्ही सुचवितो.

मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये. औषध घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून मूर्च्छा येऊ शकते. घाम वा कंप सुटताच, शुद्ध आहे तोवर, साखरपाणी द्यावे. व्रतभंगाची भीती बाळगू नये. तिशीनंतर रक्तातील साखर व रक्तदाब प्रतिवर्षी तपासून घ्यावा. घरातील वडीलधाऱ्यांस हे पुढील एकादशीपूर्वीच समजावून सांगावे, ही विनंती.